‘सूद’ : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत धम्मावर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी येऊन गेली. आमचा तो अधिकार नाही. कार्यकर्त्यांनी आम्हांला सांगितले की, आपल्या अभ्यासिकेतली मुले स्पर्धा परीक्षांना बसतात, त्यांना इंग्रजीचा धाक वाटतो, तेव्हा इंग्रजी शब्दांवर काहीतरी बोला. पन्नास शब्द फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ सांगता आले असते. ते काम गाईडसुद्धा करते. त्यापेक्षा एकच शब्द घ्यावा, त्याचे कूळ शोधावे, आणि शोधता शोधता तो आपल्या दारापर्यंत कसा येतो ते पाहावे, असे आम्ही ठरवले.

तो शब्द आहे ‘सूद’. क्रियापद आहे. लिहिताना एस, ओ, ओ, टी, एच, ई अशी अक्षरे येतात. उच्चार साधारण ‘सूद’ असा होतो. आम्हां बँकवाल्यांना सूद म्हटले की हिंदीतले व्याजच आठवते, पण त्याचा येथे संबंध नाही. शब्दकोशात याचा अर्थ दिलेला असतो शांत करणे, सांत्वन करणे, दुःख हलके करणे. आई रडणाऱ्या मुलाला ‘सूद’ करते. भाजलेल्या हातावर मलम लावले की ते मलम ‘सूद’ करते. शोकसभेत वक्ते कुटुंबीयांना ‘सूद’ करण्याचा प्रयत्न करतात. परीक्षेला एवढे पुरे आहे. समानार्थी म्हणून ‘काम’, ‘कन्सोल’, ‘पॅसिफाय’, ‘अपीज’ लिहिले की गुण मिळतात.

पण आपल्या मराठीत पाहा. दुसऱ्याला शांत करण्यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत! सांत्वन करणे, धीर देणे, दिलासा देणे, समजूत काढणे, मनधरणी करणे, गोंजारणे, चुचकारणे, थोपटणे, फुंकर घालणे, बाबापुता करणे. कोणतेही दोन सारखे नाहीत. धीर देण्यात समोरच्याच्या अंगात बळ यावे अशी इच्छा असते. बाबापुता करण्यात आपले काम निघावे अशी इच्छा असते. बैलाला चुचकारतात, कारण त्याला औताला जुंपायचे असते. तेव्हा शांत करणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर शब्द बदलतो. इंग्रजी ‘सूद’च्या मनात काय आहे? ते पाहायचे तर आपल्याला हजारभर वर्षे मागे जावे लागेल.

या क्रियापदाचे शेवटचे ‘ई’ काढून टाका. उरतो तो ‘सूथ’. जुन्या इंग्रजीत ‘सूथ’ म्हणजे सत्य. आज हा शब्द एकटा कोणी वापरत नाही, पण एका जोडशब्दात तो टिकून आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकात सीझरला मार्चच्या पंधरा तारखेपासून जपून राहा असे बजावणारा एक माणूस आहे. त्याला ‘सूथसेअर’ म्हणतात. आज त्याचा अर्थ भविष्य सांगणारा असा होतो, पण मूळ अर्थ सत्य बोलणारा एवढाच. ज्योतिष्याला सत्यवक्ता म्हणावे, यावर आपल्या सभेत वेगळे भाष्य करायला नको.

तर ‘सूथ’ म्हणजे सत्य, आणि त्यापासून झालेले क्रियापद ‘सूद’ म्हणजे सत्य ठरवणे, खरे असल्याचे सिद्ध करणे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा हाच अर्थ होता. त्यात रडणारे मूल नाही, मलम नाही, शोकसभा नाही. एखादी गोष्ट खरी आहे हे दाखवून देणे, पडताळणे, एवढेच.

मग सत्य सिद्ध करण्याचा शब्द शांत करण्याचा कसा झाला? येथे खरी गंमत आहे आणि थोडे दुःखही आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या क्रियापदाचा अर्थ सरकलेला दिसतो. खरे असल्याचे सिद्ध करणे, यातले सिद्ध करणे मागे पडले. दुसरा जे म्हणतो ते खरे आहे असे म्हणणे, एवढेच राहिले. राजा म्हणाला, आज हवा थंड आहे. दरबारी म्हणाला, खरेच महाराज, फार थंड आहे. हे झाले ‘सूद’ करणे. म्हणजे री ओढणे, होला हो करणे. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ नाटकात हे क्रियापद खुशामतीच्याच अर्थाने आले आहे. जुन्या इंग्रजीतसुद्धा ‘सूथ’पासून झालेला एक शब्द तोंडपुज्या, आश्रित माणसासाठी वापरात होता. म्हणजे हा रोग आतून जुनाच होता.

पुढची पायरी सोपी आहे. ज्याचे म्हणणे आपण खरे म्हणतो, तो माणूस सुखावतो. रागावलेला असेल तर थंड होतो. रडत असेल तर गप्प होतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘सूद’चा अर्थ शांत करणे, सांत्वन करणे असा पक्का झाला. हळूहळू खुशामतीचा वास उडाला आणि आजचा मऊ, स्वच्छ शब्द तयार झाला. आज इंग्रज आई पाळणा हलवताना हा शब्द वापरते, तेव्हा त्यात एके काळी दरबारी हांजी हांजी होती हे तिच्या ध्यानीमनीही नसते, आणि त्याच्याही आधी त्यात सत्य होते हे तर नाहीच नाही.

सत्य, मग होकार, मग खुशामत, मग शांतता. मित्रहो, हा चार पायऱ्यांचा जिना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हा ‘सूथ’ आला कोठून? 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी एक भाषण केले आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. इंग्रजीही त्याच कुळातली. या शास्त्राप्रमाणे इंग्रजी ‘सूथ’ आणि संस्कृत ‘सत्’, ‘सत्य’ हे एकाच धातूचे नातलग आहेत. ‘अस्’ म्हणजे असणे. जे आहे ते सत्, जे आहे तेच सत्य. आपल्या मराठीतले ‘असणे’ त्याच घरचे, आणि पालीतले ‘सच्च’ हे सत्याचेच पाली रूप. चार आर्यसत्यांतले सत्य आणि इंग्रज आईचे पाळण्याजवळचे क्रियापद यांचे रक्ताचे नाते आहे.

येथे एक सूचना करतो. नाते आहे म्हणजे बाप-लेकाचे नव्हे, चुलत भावंडांचे आहे. काही मंडळी असा एखादा शब्द सापडला की सगळे जग संस्कृतातून निघाले असे टाळ्या घेत सांगतात. तसे शास्त्र सांगत नाही. विद्यार्थ्यांनी अशा टाळ्यांपासून दूर राहावे.

इंग्रजीचे हे पाहून हसण्याआधी आपल्या एका शब्दाकडे पाहू. ‘आश्वासन’. हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? निवडणूक, व्यासपीठ, हार, आणि नळाला पाणी येईल हे वाक्य. पण या शब्दाच्या पोटात आहे ‘श्वास’. आश्वासन म्हणजे दुसऱ्याला श्वास घेऊ देणे. घाबरलेल्या, धाप लागलेल्या, हुंदके देणाऱ्या माणसाचा श्वास पुन्हा मोकळा करणे. पालीत ‘अस्सास’ म्हणजे आत घेतलेला श्वास, आनापानसतीला बसणाऱ्यांना हा शब्द रोजचा आहे. आणि पालीत ‘अस्सास’ म्हणजेच दिलासासुद्धा. श्वास आणि दिलासा, दोहोंना एकच शब्द! इतका नेमका शब्द आम्हांला दुसऱ्या कोणत्या भाषेत आढळला नाही. ज्याच्या घरी मयत झाली आहे त्याच्या शेजारी बसून पाहा, त्याला सर्वांत आधी काय हवे असते, तर एक पुरा श्वास. त्या शब्दाचे आपण निवडणुकीतले नाणे केले. इंग्रजांनी सत्याची खुशामत केली, आपण श्वासाचे थापेत रूपांतर केले. हिशेब सारखाच आहे.

संयुत्तनिकायात एक प्रसंग आहे. भगवान कपिलवस्तूच्या निग्रोधारामात असताना महानाम शाक्य त्यांना विचारतो की, एखादा उपासक आजारी पडला तर शहाण्या उपासकाने त्याच्याशी काय बोलावे? प्रश्न भिक्खूंचा नाही, आपल्यासारख्या गृहस्थांचा आहे, म्हणून तो आपण नीट ऐकला पाहिजे. भगवान सांगतात की, आधी त्याला चार आश्वासक गोष्टींनी धीर द्यावा. बुद्धावर, धम्मावर, संघावर तुझी अढळ श्रद्धा आहे आणि तुझे शील शुद्ध आहे. येथे ‘अस्सास’ हाच शब्द आहे. म्हणजे जे त्याच्यापाशी खरोखर आहे त्याचीच आठवण द्यायची, नसलेले काही द्यायचे नाही. मग त्याला विचारावे, आई-वडिलांची काळजी वाटते का? वाटते म्हणाला, तर ‘काळजी करू नकोस, तू खडखडीत बरा होशील’ असे सांगायला भगवान सांगत नाहीत. मरण तर येणारच, तू काळजी केलीस तरी आणि नाही केलीस तरी, म्हणून ती ओढ सोडून दे, असे सांगायला सांगतात. मग बायको-मुलांचे विचारावे. पुढे सुत्त बरेच लांब आहे. आपण रुग्णाला भेटायला जातो तेव्हा यातले काय बोलतो? रंग किती छान दिसतोय, आठ दिवसांत घरी याल, असे म्हणून केळी ठेवतो आणि जिन्यात आल्यावर एकमेकांना म्हणतो, काही खरे नाही.

याच घराण्यातले आणखी एक बिऱ्हाड पाहून पुढे जाऊ. ‘अपीज’ हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्यात ‘पीस’ म्हणजे शांतता आहे आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पाक्स’ आहे. ‘पॅसिफाय’ही तेथलेच. ‘पाक्स’च्या मूळ धातूचा अर्थ घट्ट बांधणे, रोवणे. आपला ‘पाश’ हा त्याचा नातलग, आणि इंग्रजी ‘पॅक्ट’ म्हणजे करार हाही त्याच धातूचा. आणि आमच्या धंद्यातला ‘पे’? तोही यांच्याच घरचा. लॅटिनमध्ये शांत करणे, समाधान करणे या अर्थाचे जे क्रियापद होते, त्याचा अर्थ पुढे सावकाराचे समाधान करणे, म्हणजे पैसे देणे असा झाला. आम्ही दिवसभर काउंटरवर ‘पेड’चे शिक्के मारतो, म्हणजे खरे तर कोणालातरी शांत करून घरी पाठवत असतो. महिन्याच्या एक तारखेला याचा प्रत्यय येतो.

पण शांतता आणि बांधणे एकाच धातूतून यावीत, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना विचार करायला लावणारे आहे. रोमन लोक जिंकलेल्या प्रांतासाठी याच कुळातले क्रियापद वापरीत. मुलूख शांत केला म्हणजे तेथली माणसे नमवली. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याला जो करार झाला, त्याचे इंग्रजी नाव ‘पुना पॅक्ट’. 20 सप्टेंबरला सुरू झालेल्या उपोषणाच्या सावलीत बाबासाहेबांना सही करावी लागली. देशाला शांतता मिळाली. अस्पृश्यांना काय मिळाले, याचा हिशेब त्यांनी पुढे 1945 साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात सविस्तर मांडला आहे. तो विद्यार्थ्यांनी मुळातूनच वाचावा.

1938 हे साल तर या सगळ्या शब्दांच्या परीक्षेचे साल म्हणायला हवे. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस म्युनिक येथे चेंबरलेन, दलादिए, मुसोलिनी आणि हिटलर एकत्र बसले आणि चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश जर्मनीला देऊन टाकला. ज्यांचा प्रदेश, त्या चेक लोकांना बैठकीत जागा नव्हती. 15 मार्च 1939 रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि त्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले. तोपर्यंत ‘अपीज’ हा शब्द बऱ्यापैकी सभ्य होता. म्युनिकनंतर तो शिवी झाला. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात हा शब्द तपासला आणि ‘अपीजमेंट’ वेगळे, ‘सेटलमेंट’ वेगळे, असा भेद केला. एकात मागणाऱ्याला थोपवणारी रेघच नसते. दुसऱ्यात ती रेघ असते आणि ती दोन्ही पक्षांवर बंधनकारक असते. शब्द नेमका वापरावा कसा, हे शिकायचे तर बाबासाहेबांचे इंग्रजी वाचावे.

आणि त्याच 1938 साली मुंबईच्या विधानसभेत आपल्याकडचा प्रसंग घडला. स्थानिक मंडळांच्या कायद्याच्या दुरुस्तीत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हे नाव घालण्याचे चालले होते. भाऊराव गायकवाडांनी विरोध केला, बाबासाहेब बोलले, आणि ऐकले जात नाही म्हटल्यावर स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. काही लोक तेव्हा म्हणाले असतील आणि आजही म्हणतात की, नाव तर गोड आहे, देवाची माणसे म्हटले, त्यात रागावण्यासारखे काय? मित्रहो, तो आमच्या जिन्याची आठवण ठेवा. ‘सूद’ची तिसरी पायरी म्हणजे हीच. पाणवठा बंद, देऊळ बंद, जमीन नाही, पण नाव गोड. बाबासाहेबांना गोड नाव नको होते, त्यांना पहिली पायरी हवी होती. महाडला ओंजळभर पाणी पिऊन 1927 साली त्यांनी जे केले, ते जुन्या इंग्रजीतले ‘सूद’ होते. हे पाणी आमचेही आहे, हे सत्य त्यांनी सिद्ध करून दाखवले.

येथपर्यंत टाळ्या वाजवणे सोपे आहे, कारण दोष दुसऱ्यांचा आहे. आता जरा आपल्या वस्तीत या.

दहावीचा निकाल लागतो. मुलगा गणितात नापास. घरात आई म्हणते, पेपरच अवघड होता. मावशी म्हणते, तपासणाऱ्याने आडनाव पाहिले असेल. मुलगाही तेच म्हणत असतो, सगळे त्याची री ओढतात, आणि तो शांत होतो. आडनाव पाहून गुण कापले जातच नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. जेथे तसे झाले असेल तेथे पेपर पुन्हा तपासून घ्यावा, त्याची रीत आहे, फी आहे, मुदत आहे, संस्थेने त्या मुलाबरोबर जावे. पण तसे करायला कोणी उठत नाही. आरोप फक्त रडणे थांबवण्यापुरता वापरला जातो. आणि मुलाला बीजगणित येत नाही, हे सत्य पुढच्या परीक्षेपर्यंत घरातल्या घरात झाकून राहते. अभ्यासिकेत शिकवणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे की, अशा मुलाच्या खांद्यावर हात जरूर ठेवा, पण दुसऱ्या हातात त्याची उत्तरपत्रिका असू द्या.

दुसरे. लग्न झालेली मुलगी माहेरी येते. पाठीवर वळ असतात. चार जाणती माणसे जमतात आणि तिची समजूत काढतात. “जरा सांभाळून घे बाई, संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच, तो मनाने वाईट नाही.” मुलगी गप्प होते. डबा बांधून तिला परत पाठवतात आणि आपण वाद मिटवला म्हणून मंडळी चहा पितात. येथे तर जिन्याची दुसरी पायरीसुद्धा नाही. ‘तू म्हणतेस ते खरे आहे, त्याने तुला मारले’ एवढे शब्दही तिला कोणी देत नाही. नुसती शांतता हवी असते, आणि ती तिच्यासाठी नव्हे, चार घरांच्या अब्रूसाठी हवी असते. आपल्या संस्थेच्या विवाह मंडळातली मंडळी येथे बसली आहेत. वधू-वरांना त्रिशरण-पंचशील देताना आपण उभे असतो, मग अशा वेळी तिच्या बाजूनेही आपणच उभे राहायला हवे. हे त्यांना रुचणार नाही, पण बोलायचे ते समोर बोललेले बरे.

आणि कचेऱ्यांत काय चालते ते तर आम्ही रोज पाहतो. वस्तीतला एखादा तरुण स्वयंरोजगाराच्या कर्जासाठी येतो. ‘होऊन जाईल, पुढच्या आठवड्यात या.’ तो खूष होऊन जातो. असे तीन महिने. त्याचा जामीनदार चालत नाही, किंवा जागेचा कागद कमी आहे, हे सांगायला एक मिनिट लागते. ते सांगितले तर तो भांडेल, आवाज चढवेल, म्हणून सांगत नाहीत. त्याला मिळतो तो दिलासा, आणि कर्ज मिळते ते कागद ठाऊक असलेल्याला. मुलांनो, कोणत्याही काउंटरवर ‘होऊन जाईल’ हे उत्तर घेऊन परत फिरू नका. काय कमी आहे ते विचारा आणि लिहून मागा.

कोणी विचारील, मग काय दुःखी माणसाच्या तोंडावर सत्य फेकून मारावे? मज्झिमनिकायात अभय राजकुमार भगवंतांना असाच दुधारी प्रश्न घालतो. तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात का? हो म्हटले तर सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय? नाही म्हटले तर देवदत्ताविषयी इतके कठोर का बोललात? त्या वेळी अभयच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवान म्हणाले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, एका हाताने डोके धरून दुसऱ्या हाताचे बोट वाकवून तो काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. मग भगवंतांनी आपला नियम सांगितला. जे असत्य आहे ते तथागत बोलत नाहीत, ते कितीही गोड असो. जे सत्य आहे पण कोणाच्या हिताचे नाही, तेही बोलत नाहीत. जे सत्यही आहे आणि हिताचेही आहे, ते बोलण्याची वेळ ते जाणतात. आणि लक्षात घ्या, वेळ पाहण्याचा हा नियम कडू सत्याला तर आहेच, पण गोड सत्यालाही आहे. गोड बोलायलासुद्धा वेळ पाहावी लागते, हे आम्हांला तरी फार उशिरा ध्यानात आले.

म्हणून थोपटणे वाईट नाही, फुंकर घालणे वाईट नाही. तान्ह्या मुलाला सत्य नको असते, ऊब हवी असते. मयताच्या घरी पहिल्या दिवशी न बोलता बसून राहणारी म्हातारी कोणाची फसवणूक करीत नाही. तिला वेळ कळते, एवढेच.

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे, बाबासाहेबांनीही ती आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतली आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. फक्त एक गोष्ट दाखवतो. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या त्या बाईला भगवंतांनी ‘तुझे मूल मेले आहे’ असे एकदाही सुनावले नाही, आणि ‘ते उठेल’ असेही म्हटले नाही. त्यांनी तिला मोहरी आणायला पाठवले, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची. ती दारोदार फिरली. सत्य तिला श्रावस्तीच्या बायाबापड्यांनी आपापल्या उंबऱ्यावर सांगितले, आपापले दुःख सांगता सांगता. संध्याकाळपर्यंत तिने स्वतःच ते पडताळून घेतले. जुन्या इंग्रजीतला शब्द आठवला का? पडताळणे.

आणि आपला मराठी शब्द, ‘समजूत’. मघाशी त्या मुलीच्या प्रसंगात आम्ही त्याची नालस्ती केली, आता त्याची भरपाई करतो. ‘समजणे’ हे क्रियापद भाषाशास्त्रज्ञांच्या मते संस्कृत ‘संबुध्यते’पासून, प्राकृत ‘संबुज्झइ’च्या वाटेने आले आहे. ‘बुध्’ धातू. ज्या धातूपासून ‘बुद्ध’, ‘बोधी’, ‘संबुद्ध’ हे शब्द झाले, त्याच धातूपासून आपले ‘समजूत’ झाले. आपल्या आया-आज्या ‘पोराची समजूत काढ गं’ म्हणतात, तेव्हा त्या नकळत संबोधीचाच शब्द उच्चारत असतात. समजूत काढणे म्हणजे गप्प करणे नव्हे, समोरच्याला समजेल असे करणे. हा अर्थ शब्दातच आहे, बाहेरून आणावा लागत नाही.

शेवटी अंगुत्तरनिकायातल्या एका संसारी बाईची गोष्ट सांगतो, कारण किसा गोतमीइतकी ती प्रसिद्ध नाही आणि व्हायला हवी. भग्ग देशात सुंसुमारगिरीला नकुलपिता नावाचा गृहस्थ राहत होता. तो फार आजारी पडला, जगेल असे वाटेना. त्याची बायको नकुलमाता त्याच्या उशाशी बसली. ‘तुम्ही बरे व्हाल’ असे ती म्हणाली नाही. ती म्हणाली की, काळजी घेऊन मरू नका, तसे मरणे दुःखाचे असते. माझ्या मागे ही मुलांना कसे पोसेल, असे तुम्हांला वाटत असेल. पण मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मी घर चालवीन. ही दुसऱ्या घरी जाईल असे वाटत असेल. पण आपण दोघांनी किती वर्षे कसा संसार केला ते तुम्हीही जाणता आणि मीही जाणते. शीलात मी कमी पडेन असे वाटत असेल, तर भगवान येथे जवळच आहेत, जाऊन विचारा. अशी एकेक काळजी तिने घेतली आणि एकेक खरी गोष्ट त्याच्यापुढे ठेवली. सुत्तात म्हटले आहे की, ती बोलत असतानाच त्याचे दुखणे उतरले. उठून थोडेच दिवस झाले होते, तो काठी टेकत टेकत भगवंतांच्या दर्शनाला गेला. भगवंतांनी त्याचे अभिनंदन केले ते बरा झाला म्हणून नव्हे, अशी बायको मिळाली म्हणून.

मुलांना काही विचारायचे असेल तर आम्ही येथेच बसलो आहोत. फळ्यावर दोन्ही शब्द लिहून ठेवले आहेत, ‘ई’ असलेला आणि ‘ई’ नसलेला, ते उतरून घ्या.